रोनाल्ड फिशर : पिकांच्या आकड्यांचे तक्ते आणि आलेख वाचायला शिकवणारे शास्त्रज्ञ

कृषी विद्यापीठाच्या वाण तुलनेचा कोणताही तक्ता घ्या. वर वाणांची नावे, शेजारी हेक्टरी उत्पादन आणि सगळ्यात खाली एक बारीक ओळ असते : सी. डी. (५ टक्के). शेतकरी ही ओळ वाचत नाहीत. आपल्यासारखे विस्तारात काम करणारेही बहुतेक वेळा ती सोडून देतात. हाच तक्ता घडीपत्रिकेत रंगीत स्तंभालेख होऊन छापला जातो, तेव्हा तर ही ओळ पार गळूनच जाते. खरे तर तक्त्यातली सर्वांत प्रामाणिक ओळ तीच. दोन वाणांमधला फरक त्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर तो फरक वाणामुळेच पडला असे म्हणता येत नाही. जमिनीच्या कमीजास्त कसामुळेही तो पडला असेल, एवढे ती सांगते.

या ओळीमागचे गणित आणि ती ज्यातून येते ती प्रयोगाची मांडणी बसवली ती रोनाल्ड आयल्मर फिशर यांनी. कृषी पदवीच्या अभ्यासात त्यांचे नाव सूत्रांबरोबर येते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. माझेही तसेच झाले होते. हा माणूस गहू, बटाटे आणि शेणखताच्या आकड्यांत चौदा वर्षे बुडालेला होता, हे मला फार उशिरा कळले.

फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. ते जुळ्यांपैकी एक. दुसरे मूल मृत जन्मले. वडिलांचा कलावस्तूंच्या लिलावाचा व्यवसाय होता. मुलगा चौदा वर्षांचा असताना आई गेली आणि पुढे वडिलांचा धंदाही बसला. मुलाची नजर लहानपणापासून फार अधू. रात्री दिव्याच्या उजेडात वाचन करायला मनाई असल्याने शाळेतल्या शिक्षकाने त्यांना गणित तोंडी शिकवले, कागद-पेन्सिलीशिवाय. त्यामुळे गणित डोळ्यांसमोर आकृतीच्या रूपात उभे करण्याची सवय त्यांना लागली. इतरांना पानभर आकडेमोड करावी लागे, तिथे ते भूमितीने थेट उत्तरापर्यंत जात. मग ते दुसऱ्यांना समजावणे मात्र त्यांना जड जाई. त्यांची पुस्तके अवघड वाटतात, त्यात या सवयीचा वाटा असावा.

शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिक्षण झाले, १९१२ मध्ये पदवी मिळाली. नंतर काही काळ कॅनडातल्या एका शेतावर काम, मग लंडनमध्ये गुंतवणूक कंपनीत नोकरी. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्यात जायचे होते, पण डोळ्यांमुळे नाकारले गेले. युद्धाची वर्षे त्यांनी शाळांमध्ये शिकवण्यात काढली. १९१७ मध्ये लग्न झाले, आणि पत्नी व मेहुणीच्या सोबतीने त्यांनी छोटीशी शेती सुरू केली. डुकरे पाळणे, भाजीपाला पिकवणे, घरापुरते घरीच काढणे असा तो संसार होता. प्रयोगशाळेतून शेताकडे आलेला हा माणूस नव्हता.

रोथमस्टेडचे जुने कागद

१९१९ मध्ये त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, लंडनमधल्या कार्ल पीअरसन यांच्या नामांकित प्रयोगशाळेतली जागा. दुसरी, लंडनच्या उत्तरेला असलेल्या रोथमस्टेड कृषी संशोधन केंद्रातली तात्पुरती नेमणूक. त्यांनी दुसरी निवडली.

रोथमस्टेडची सुरुवात १८४३ मध्ये जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने केली. सुपर फॉस्फेट खताचे पेटंट घेणारे हेच लॉज. जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्यांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचे लांब पट्टे आखले. एकाला काहीच खत नाही, एकाला दरवर्षी शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळी रासायनिक खते. तेच शेत, तेच पीक, वर्षानुवर्षे. दरवर्षीचे धान्य आणि काड यांचे वजन, पावसाची नोंद, सगळे वह्यांमध्ये उतरवलेले. फिशर आले तेव्हा हा ढीग सत्तर वर्षांहून जुना होता आणि त्याचे काय करावे हे कोणाला नीट सुचत नव्हते. संचालक जॉन रसेल यांनी या तरुणाला सांगितले की यातून काही निघते का ते बघा. फिशर यांनी स्वतः या कामाला पुढे उकिरडा उकरण्याची उपमा दिली. खत कुठे असते हे ज्याला माहीत आहे, त्याला ही उपमा वाईट वाटणार नाही.

हाताने दांडा फिरवून गुणाकार करणारे ‘मिलिओनेअर’ नावाचे एक यंत्र त्यांच्याकडे होते. त्यावर त्यांनी ६७ वर्षांचे, १८५२ ते १९१८ पर्यंतचे ब्रॉडबाल्कचे आकडे घेतले. १९२१ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात उत्पादनातला चढउतार तीन भागांत वेगळा केलेला दिसतो. पहिला भाग दरवर्षी वरखाली होणारा, म्हणजे मुख्यतः हवामानाचा. दुसरा हळूहळू एकाच दिशेने जाणारा, म्हणजे जमिनीचा कस उतरण्याचा. तिसरा भाग मात्र विचित्र होता. काही वर्षे उत्पादन संथपणे चढते, मग तितक्याच संथपणे उतरते, आणि वेगवेगळी खते दिलेल्या पट्ट्यांतही या लाटेचे साधारण साम्य दिसते. हे ना पावसाने समजावता येत होते, ना खताने.

फिशर यांनी त्यासाठी बोट दाखवले ते तणाकडे. ब्रॉडबाल्कमधले तण पूर्वी गावातली लहान पोरे हाताने उपटत. इंग्लंडमध्ये १८७० ते १८८० च्या दशकात शालेय शिक्षण सक्तीचे होत गेले, पोरे शाळेत बसली, निंदणीला हात कमी पडले. त्या काळातली उत्पादनाची घसरण या गोष्टीशी जुळते, असा त्यांचा तर्क होता. गव्हाच्या आलेखातली एक वाकडी रेष आणि शाळेच्या हजेरीचा कायदा यांचा असा संबंध लागतो, हे वाचून मला आपल्याकडची निंदणीच्या वेळची मजूरटंचाई आठवली. आपणही उत्पादन घटले की पहिले बोट खताकडे किंवा बियाण्याकडे दाखवतो. खुरपायला किती बायका मिळाल्या होत्या, हा आकडा कोणी नोंदवलेलाच नसतो.

एकाच शेतात दुप्पट फरक

जुन्या आकड्यांतून फिशर यांना आणखी एक गोष्ट कळली, आणि ती जास्त महत्त्वाची. नोंदी कितीही वर्षांच्या असोत, प्रयोगाची आखणीच चुकलेली असेल तर काही प्रश्नांची उत्तरे त्यातून कधीच मिळत नाहीत. ब्रॉडबाल्कमध्ये एका खताला एकच पट्टा होता. शेजारच्या पट्ट्यापेक्षा तिथे जास्त पिकले, तर ते खतामुळे की तिथली माती मुळातच चांगली म्हणून?

माती किती फसवते याचा पुरावा रोथमस्टेडमध्येच होता. फिशर येण्याच्या आधी, १९११ मध्ये, मर्सर आणि हॉल या दोघांनी एक निबंध छापला होता. गव्हाचे एक एकराचे एकसारखे दिसणारे शेत घ्यायचे, सगळीकडे तेच बियाणे, तीच मशागत, आणि काढणीच्या वेळी त्याचे ५०० सारखे तुकडे करून प्रत्येकाचे धान्य वेगळे मोजायचे. एक तुकडा साधारण ८ चौरस मीटरचा. सर्वांत कमी धान्य २.७३ पौंड निघाले, सर्वांत जास्त ५.१६ पौंड. म्हणजे अंदाजे सव्वा किलो आणि २.३ किलो. काहीही वेगळे न करता जवळजवळ दुप्पट फरक! यातल्या कमी पिकलेल्या तुकड्याला ‘नेहमीची पद्धत’ आणि जास्त पिकलेल्याला ‘आमचे उत्पादन वापरून’ अशी पाटी लावली असती, तर त्या स्तंभालेखावर कोणीही विश्वास ठेवला असता.

फिशर यांचा उपाय आज साधा वाटतो. १९२५ मधल्या त्यांच्या ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’ या पुस्तकात आणि १९२६ मध्ये शेतावरील प्रयोगांच्या मांडणीवर लिहिलेल्या छोट्या लेखात तो आला. त्या लेखातला विचार असा. समजा, दोन एकर शेजारी शेजारी आहेत, एकाला खत दिले आणि तिथे दहा टक्के जास्त पिकले. हा फरक खताचा आहे की नाही हे कसे ठरवणार? एक मार्ग म्हणजे याच दोन एकरांत काहीही वेगळे न करता वीस वर्षे पीक घ्यायचे आणि एवढा फरक आपोआप कितीदा पडतो ते बघायचे. वीस वर्षांत तो कधीच पडला नसेल, तर आता दिसलेल्या फरकाकडे गांभीर्याने बघता येईल. पण एवढी वर्षे थांबणार कोण? म्हणून वीस वर्षांऐवजी एकाच हंगामात अनेक छोटे वाफे घ्यायचे. सारखीच वागणूक मिळालेल्या वाफ्यांत आपापसांत किती फरक पडतो, तोच आपला मोजमापाचा गज. तक्त्यातले ‘५ टक्के’ म्हणजे वीसात एक, ते इथून आले. दोन्ही वाण मुळात सारखेच असते, तरी निव्वळ योगायोगाने एवढा फरक साधारण वीसपैकी एखाद्याच वेळी दिसला असता, असा त्याचा अर्थ.

आपल्या शेतात हे कसे दिसेल? बांधापासून ओढ्याकडे उतार असलेले रान घ्या. वरच्या अंगाला मुरमाड, खाली गाळाची जमीन. चार वाण तपासायचे आहेत. एकेक वाण एकेका मोठ्या तुकड्यात पेरला, तर ओढ्याकाठचा वाण जिंकणार हे पेरणीच्या दिवशीच ठरलेले आहे. त्याऐवजी उताराला आडवे चार पट्टे पाडायचे, म्हणजे एका पट्ट्यातली माती साधारण सारखी राहते. हे झाले ब्लॉक. प्रत्येक पट्ट्यात चारही वाण पेरायचे. ही पुनरावृत्ती. आणि पट्ट्यात कोणता वाण कुठे, हे आपण न ठरवता दरवेळी नव्याने चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. याला आपण आर. बी. डी. म्हणतो. चिठ्ठ्यांचा भाग लोकांना पोरखेळ वाटतो आणि प्रात्यक्षिकात तोच आधी गाळला जातो. पण नवे बियाणे चांगल्या जागी पेरावे असे पेरणाऱ्याच्या मनात नकळत येतेच.

चिठ्ठ्यांवरून फिशर यांचा एका मित्राशीच वाद झाला. विल्यम गॉसेट हे गिनेस या मद्य कंपनीत बार्लीचे प्रयोग बघत आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहीत. आपली ‘टी टेस्ट’ त्यांचीच. त्यांचे म्हणणे होते की जमिनीचा चढउतार माहीत असताना वाफे एकाआड एक व्यवस्थित मांडणेच बरे, चिठ्ठीमुळे कधी एखादी वेडीवाकडी मांडणी निघते. शेतकऱ्याच्या नजरेने त्यात तथ्य आहे. फिशर यांचे उत्तर असे की त्या मांडणीत चूक कमी होत असेल, पण ती किती आहे हे प्रामाणिकपणे मोजता येत नाही. १९३७ मध्ये गॉसेट गेले तोवर हा वाद मिटला नव्हता. मैत्री मात्र टिकली.

आलेखाबद्दल त्यांचे मत

१९२५ च्या त्या पुस्तकात सुरुवातीलाच एक पूर्ण प्रकरण आलेखांवर आहे. त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो. आलेख काही सिद्ध करत नाही. डोळ्यांना ठळक गोष्टी दाखवणे आणि कशाची तपासणी करावी हे सुचवणे हे त्याचे काम. तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही. त्यांनी उदाहरण दिले आहे ते आठवड्याला वजन केलेल्या एका बाळाचे. साध्या आलेखात रेषेचा चढ म्हणजे दर आठवड्याला वाढलेले वजन. तेच आकडे लॉग पट्टीवर मांडले की चढ म्हणजे वाढीचा दर, आधीच्या वजनाच्या प्रमाणात. आकडे तेच, प्रश्न वेगळा, म्हणून चित्र वेगळे. रोपांची वाढ मोजणाऱ्यांना हा भाग आजही उपयोगी आहे.

आपल्याकडे आलेखाची गडबड बहुधा उभ्या अक्षावर होते. समजा, एका वाणाचे एकरी २० क्विंटल आणि दुसऱ्याचे २२. अक्ष शून्यापासून सुरू केला तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे दिसतात. तोच अक्ष १८ पासून सुरू केला, की दुसरा स्तंभ पहिल्याच्या बरोबर दुप्पट उंच! कोणताही आकडा खोटा नाही आणि तरीही बघणारा फसतो. असे फलक मी शेतकरी मेळाव्यात पाहिले आहेत. आणि एक फलक मी स्वतः केला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सोयाबीनच्या दोन वाणांचे प्रात्यक्षिक घेतले, पुनरावृत्ती नाही, चिठ्ठ्या नाहीत. नवा वाण खालच्या अंगाला होता. फरक चांगला दिसला, मी त्याचा झकास स्तंभालेख काढून गावोगाव दाखवला. पुढच्या हंगामात ज्यांनी माझे ऐकून तो वाण पेरला, त्यांच्याकडे तसा काहीच फरक पडला नाही. एका काकांनी मला शांतपणे विचारले, साहेब, तो प्लॉट विहिरीकडचा होता ना? पदवीला आर. बी. डी. शिकलेल्या माझ्यापेक्षा त्यांना फिशर जास्त कळले होते.

त्यानंतर स्तंभालेख काढलाच तर अक्ष शून्यापासून घेतो, किती पुनरावृत्ती होत्या ते खाली लिहितो, आणि सी. डी. चा आकडा तिथेच मोठ्या अक्षरांत देतो. फरक लक्षणीय नसेल तर चित्रच काढत नाही; ‘दोन्ही सारखेच, स्वस्त बियाणे घ्या’ असे सरळ सांगतो. फिशर यांचेही असेच एक उदाहरण आहे. १९२३ मध्ये मॅकेन्झी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी बटाट्याच्या बारा वाणांचे आकडे तपासले. प्रत्येक वाणाला वेगळे खत मानवते का, हा प्रश्न होता. उत्तर आले, तसा पुरावा दिसत नाही. ‘अ‍ॅनालिसिस ऑफ व्हेरिअन्स’ची पद्धत पिकांच्या आकड्यांवर प्रथम वापरली गेली ती याच कामात, आणि तिथला निष्कर्ष होता फरक नसल्याचा.

इथून भारताकडे

१९३३ मध्ये फिशर रोथमस्टेड सोडून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले, १९४३ मध्ये केंब्रिजला गेले. १९३५ चे ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ आणि १९३८ मध्ये फ्रँक येट्स यांच्याबरोबर काढलेले सांख्यिकी तक्त्यांचे पुस्तक, ही दोन्ही शेतीच्या प्रयोगातूनच उगवलेली. दुसऱ्या पुस्तकात यादृच्छिक आकड्यांची पाने होती. पीक कापणी प्रयोगात कोणत्या शेतातला कोणता तुकडा कापायचा हे आपण मनाने ठरवत नाही, यादृच्छिक आकड्यावरून ठरवतो. तो याच घराण्यातला विचार.

हा विचार आपल्याकडे येण्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून फिशर स्वतः १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आले आणि कलकत्त्यातल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्ष झाले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३६ मध्ये लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजातून डॉक्टरेट घेतली होती. ते शिकले मात्र नेमन आणि ईगॉन पीअरसन यांच्याकडे, ज्यांच्याशी फिशर यांचे अजिबात पटत नसे. परत येऊन सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर बसवण्याचे काम केले. इंदूरच्या संस्थेत कापसावर काम केलेले व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांचे ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले. कृषी महाविद्यालयात ‘पानसे-सुखात्मे’ म्हटले की वेगळे सांगावे लागत नाही.

फिशर यांचा स्वभाव तापट होता. वैर धरले की सोडत नसत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा वैमानिक मुलगा जॉर्ज मारला गेला, त्याच सुमारास संसारही मोडला. माणसांच्या वंशसुधारणेबद्दलची त्यांची मते आज कोणाला पटण्यासारखी नाहीत. केंब्रिजमधल्या त्यांच्या कॉलेजात त्यांच्या स्मरणार्थ रंगीत काचेची एक खिडकी होती, तिच्यावर त्यांच्या ‘लॅटिन चौरस’ मांडणीचे चौकोन होते. त्या मतांमुळेच २०२० मध्ये ती काढण्यात आली.

मला जास्त खटकते ती तंबाखूची गोष्ट. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५७ पासून फिशर यांनी त्याविरुद्ध लिहायला सुरुवात केली. त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच शिकवणीतला होता : दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, कदाचित एकच आनुवंशिक गुण दोन्हींच्या मागे असेल. चिठ्ठ्या टाकून कोणाला सिगारेट ओढायला लावता येत नाही हे खरेच. पण वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या पद्धतींनी तेच उत्तर पुन्हा पुन्हा येत होते, आणि एकाच जागी वारंवार दिसलेल्या फरकाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळायला हवी होती? ते स्वतः पाइप ओढत. तंबाखू उत्पादकांच्या समितीचे ते सल्लागार होते. औषधाच्या कंपनीने पैसे दिलेला आलेख आपण ज्या शंकेने बघतो, त्याच शंकेने त्यांचे हे लेख वाचावे लागतात.

निवृत्तीनंतर ते ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहायला गेले. तिथेच २९ जुलै १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. रोथमस्टेडच्या ब्रॉडबाल्कमध्ये गहू आजही पेरला जातो, आणि काढणीनंतर प्रत्येक पट्ट्याचे वजन नोंदवले जाते.